पुरचुंडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं आणि आम्ही गावातल्या घराचं दार ढकललं. दार उघडेना, आतून गाळ बसला होता. वाळवा तालुक्यातल्या नदीकाठच्या कुठल्याही घरात त्या आठवड्यात जे दिसत होतं तेच आमच्याकडंही. फुगलेलं कपाट, उताणा पडलेला फ्रीज, भिंतीवर डोक्याच्या वर गेलेली ओलीची रेघ, आणि तो वास. तात्या सरळ गोठ्याकडं गेले. मी कागदपत्रांची पेटी शोधायला लागलो. आई मात्र स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आत उतरंड आडवी झाली होती. दोन मडकी फुटलेली, तीन शाबूत. तोंडाला लिंपलेली शेणमाती विरघळून गेली होती. आईनं एका मडक्यात हात घातला आणि ओंजळ बाहेर काढली, तर पांढरे लांब कोंब, एकमेकांत गुंतलेले, खाली काळे पडून सडलेले. पावटा, घेवडा, तूर, सगळं मडक्यातच उगवलं होतं.

"बघ," ती म्हणाली, "एक दाणा किडका नव्हता. समदं उगवलं."

त्यात तिला अभिमान वाटत होता की रडू येत होतं, मला कळलं नाही. दोन्ही असावं.

पंचनाम्याला आलेला पोरगा चांगला होता, घामाघूम झालेला, सकाळपासून चाळीस घरं करून आलेला. घर, भांडी, जनावरं, उभा ऊस, सगळं त्यानं लिहून घेतलं. आई म्हणाली, "आन् माझं बी गेलं की." त्यानं पेन वर धरून विचारलं, "कुठल्या कंपनीचं, मावशी? पावती हाय का?"

त्याची काही चूक नव्हती. बी म्हणजे कंपनी आणि पावती, हे त्याच्या वयाच्या माणसाला शिकवावं लागत नाही. माझ्याही नाही, खरं तर. मी सांगलीत नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी जातो, आणि त्या दिवसापर्यंत त्या मडक्यांत नेमकं काय काय आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग आईनंच बसून सांगितलं. शाळू, तोही दोन तऱ्हेचा, एक भाकरीचा आणि एक हुरड्याचा. पावटा, घेवडा, पांढरी तूर. दोडका, भोपळा, कारलं. वाळूक. कृष्णाकाठचं काटेरी वांगं, ज्याच्या भरल्या वांग्यासाठी पुण्या-मुंबईची पाव्हणी मंडळी आमच्या भागात येऊन जीव टाकतात. प्रत्येकाची रीत वेगळी. वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत ठेवायचं, त्याला चिंधी बांधायची म्हणजे तोडणाऱ्या बाया ते सोडून देतात. लहानपणी चिंधी बांधलेलं वांगं मी एकदा खेळताना तोडलं होतं आणि आईनं मला जे झोडपलं होतं त्याचा अर्थ मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, चिखलात उभं राहून कळला. दोडका वेलावर वाळवायचा, वाळला की खुळखुळ्यासारखा वाजतो. मक्याची कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगायची, धुरानं किडा लागत नाही. कडधान्य राखेत घोळायचं, ज्वारीत बिब्बे टाकायचे, मिरचीचं बी कापडाच्या पुरचुंडीत.

हे सगळं लिहिताना एक सावधगिरी बाळगतो आहे. जुन्या काळाचं गोडवे गाणं फार सोपं असतं. आमच्या आजोबांनी घरचं बी खाल्लं तेव्हा, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, पुढच्या पेरणीला ते सावकाराकडून दिडीनं आणलं होतं. पायलीला दीड पायली परत. त्या सावकाराकडं कुठलं पेटंट नव्हतं, पण बी त्याच्याच कणगीत होतं, एवढं पुरे होतं. बियाण्यावर हुकूमत गाजवायला कंपनीच लागते असं नाही. आणि १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली तेव्हा तिच्या चवीला सगळ्यांनी नावं ठेवली, अशक्त पोराला 'हायब्रीड' म्हणायची पद्धत तेव्हापासूनची, पण तिनं पोटं भरली हेही तात्या सांगतात. त्यांच्या बोलण्यात हायब्रीडबद्दल राग कधी नसतो.

राग त्यांना आला होता त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पूर यायच्या आधी, पेपर वाचताना. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या चार शेतकऱ्यांवर पेप्सिकोनं खटला भरला होता. त्यांनी बटाट्याचा एफसी-५ नावाचा वाण लावला होता. कंपनीच्या चिप्ससाठीचा तो वाण, कायद्याखाली नोंदवलेला. प्रत्येकाकडं मागितलेली भरपाई एक कोटी पाच लाख. तात्यांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "बटाट्याचा डोळा मातीत पुरला म्हणून कोटभर? ह्यांची आख्खी जमीन इकली तरी एवढं यायचं न्हाई."

ओरड झाली, निवडणुकीचे दिवस होते, आणि मे महिन्यात कंपनीनं खटले मागं घेतले. गोष्ट तिथं संपली असं आपल्याला वाटतं, कारण पेपरात तेवढंच मोठ्या अक्षरांत येतं. ती संपली नव्हती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणानं त्या बटाट्याची नोंदणीच रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, २०२३ मध्ये एका न्यायाधीशांपुढं हरली आणि २०२४ च्या जानेवारीत दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढं जिंकली. बटाट्याची नोंदणी परत आली.

तात्यांच्या रागामुळं मी तो कायदा काढून वाचला. २००१ चा, नाव लांबलचक, वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर भारताला वनस्पतींच्या वाणांसाठी पेटंट किंवा स्वतःची काहीतरी वेगळी व्यवस्था करावी लागणार होती, त्यातून तो आला. इतर बऱ्याच देशांनी जो आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला त्यात शेतकऱ्याचे हात पुष्कळ बांधले जातात. भारत त्यात गेला नाही. आपल्या कायद्याचं कलम ३९ वाचताना मला वकिली भाषेत पहिल्यांदाच काही चांगलं वाटलं. शेतकरी आपल्या शेतातलं पीक, बियाण्यासकट, जपू शकतो, वापरू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो, विकू शकतो. वाण नोंदवलेला असला तरीही. अट एकच, त्या नोंदवलेल्या वाणाच्या नावाचा छाप मारलेल्या पिशवीत घालून ते विकायचं नाही.

सात क्रियापदं. त्यातली पहिली चार एकट्यानं करायची आणि शेवटची तीन दुसऱ्या माणसाशिवाय होत नाहीत. पुरानंतर आईच्या रिकाम्या मडक्यांकडं बघताना मला ती शेवटची तीन आठवली, पण त्याकडं नंतर येतो.

आधी बेण्याबद्दल बोलायला हवं, कारण बियाणं आणि कंपन्या म्हटलं की लोक थेट विदर्भातल्या कापसावर जातात, आणि आमच्या भागाची गोष्ट त्याहून जरा वेगळी आहे. जे दाण्यानं लावतात ते बी, आणि जे कांडीनं, कंदानं, डोळ्यानं लावतात ते बेणं. (सांगली-कोल्हापूरकडं एखाद्याला 'लई बेणं हाय' म्हटलं की त्याचा अर्थ वेगळा. तो शब्दकोशात शोधू नये, आमच्याकडं येऊन ऐकावा.) कृष्णेच्या खोऱ्यात सगळं अर्थकारण उसावर उभं आहे, आणि ऊस लावायला कोणी पाकीट घेत नाही. को-८६०३२ हा उसाचा वाण कोइमतूरच्या सरकारी केंद्रात तयार झाला. फुले २६५ सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्रात. ते केंद्र १९३२ चं. तिथून निघालेला वाण शेजाऱ्याच्या रानातून आपल्या रानात येतो, दोन डोळ्यांची टिपरी तोडून. शेजारी बेण्याचे पैसे घेतो, नेहमीपेक्षा जास्तच घेतो, पण तुम्ही पुढच्या वर्षी तिसऱ्याला द्या अगर देऊ नका, त्याला काही देणंघेणं नसतं.

हळदीचंही तेच. कंद काढला की जेठे गड्डे वेगळे करायचे, सावलीत ढीग घालून पाल्यानं झाकायचे आणि अक्षय तृतीयेच्या आसपास लावायचे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत, हळद साठवायची पद्धत प्रसिद्ध होती, २००५ च्या पुरानं त्यातली बरीच निकामी केली. बाजार बदलला, साठवण बदलली, बेणं मात्र अजून घराघरात. आणि द्राक्षं? तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावचा, थॉमसन सीडलेसमधूनच निवडलेला. तो काड्यांनी पसरला. एका बागायतदारानं छाटणीतली काडी दुसऱ्याला दिली, एवढीच त्याची वितरण व्यवस्था.

म्हणजे आमच्या खोऱ्यात जे लखपती झाले, ते फुकट नाही पण मोकळ्या बेण्यावर झाले. हे आमच्या लोकांना फारसं जाणवत नाही. कंपनीचं बी आणि घरचं बी असा वाद निघाला की घरचं बी म्हणजे गरीब, मागासलेलं, हौशी लोकांचं काहीतरी, असा सूर लागतो. उसाच्या फडात उभं राहून.

आता टोमॅटो. इथं माझं बोलणं थोडं अवघड होतं, कारण दोन एकर टोमॅटो आम्हीही लावतो आणि तो संकरितच लावतो. घरचा गावरान टोमॅटो आंबट-गोड, पातळ सालीचा, दिसायला लाजरा, गाडीत दोन तास टिकत नाही. मंडईत त्याला कोण विचारणार? संकरिताचं गणित साधं असतं. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून पहिल्या पिढीचं बी विकतात, ती पिढी जोमदार आणि एकसारखी येते. तिच्याच फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर आजोबा, पणजोबा, मामा, सगळे वेगवेगळे उगवतात. एक झाड उंच, एक खुजं, एकाला फळ लिंबाएवढं. आईनं एकदा हट्टानं करून बघितलं आहे. कोर्टात जायची गरजच नाही, कुलूप बियाच्या आतच आहे. १९९८ साली अमेरिकेत पुढच्या पिढीचं बी उगवूच नये अशा तंत्राला पेटंट मिळालं तेव्हा जगभर बोंब झाली, आणि आपल्या कायद्यात तसल्या तंत्राच्या वाणाला नोंदणी द्यायची नाही असं स्पष्ट लिहून ठेवलंय. चांगलंच केलं. पण संकरितानं तेच काम कोणाचा संताप न ओढवता आधीच करून ठेवलं होतं.

आणि आता तर बीही दिसत नाही. रोपवाटिकेत नोंद करायची, ट्रेमधली रोपं घरपोच येतात. गेल्या पाच-सहा वर्षांत मी टोमॅटोचं बी हातात घेतलेलं नाही. दुकानात गेलो तर एका बाजूच्या फळीवर बियाण्याची पाकिटं आणि दुसऱ्या बाजूला औषधं, आणि बऱ्याचदा दोन्हीवर एकाच घराण्याची नावं. २०१८ मध्ये बायरनं मोन्सँटो विकत घेतली, त्याच्या आदल्या वर्षी सिंजेंटा चिनी मालकीची झाली, डाऊ आणि ड्यूपाँट एक झाल्या आणि त्यातून बियाणं-औषधांची कॉर्टेव्हा निघाली. जो औषध विकतो त्यानंच बी विकावं, यात मला एक डॉक्टर आणि मेडिकल दुकानाची भागीदारी दिसते. दुकानदाराला हे बोललो तर तो हसला आणि म्हणाला, "सायेब, मग रोग पण त्यांचाच म्हणा की."

दुकानातलं बी बहुधा रंगीत असतं. गुलाबी, निळं, हिरवं. औषध चोळलेलं असतं, आणि पिशवीवर लिहिलेलं असतं की हे विषारी आहे, खाऊ नये. आमच्या घरी नवरात्रात घट बसतात, पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरायचं. पुरानंतरच्या नवरात्रात घरचं धान्य नव्हतं, म्हणून मी दुकानातून आणलेल्या शाळूच्या पिशवीतलं मूठभर आईपुढं धरलं. तिनं ते गुलाबी दाणे बघितले आणि हात मागं घेतला. "देवापुढं इख पेरू व्हय?" शेवटी शेजारच्या काकूंकडून पसाभर गहू आणला.

मला तेव्हा वाटलं, ही बाई उगाच सोवळं पाळतेय. नंतर लक्षात आलं, की तिच्या डोक्यात बी आणि अन्न ही दोन खाती कधी नव्हतीच. जे खायचं त्यातलंच उत्तम बाजूला काढायचं, ते बी. अडीअडचणीला बी खायचं, पाप आहे पण खायचं.

पुढच्या वर्षी, २०२० च्या जूनमध्ये, आम्ही सोयाबीन पेरलं. विकतचं, नामांकित कंपनीचं. पाऊस वेळेवर, वाफसा चांगला, आणि आठव्या दिवशी रान टकलं. तीन-चार हातांवर एखादं झाड. त्या साली महाराष्ट्रभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, कारण आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसानं झोडपलं होतं आणि बीजोत्पादनाचा माल भिजला होता. तालुक्याच्या समितीकडं अर्ज केला, ते येऊन बघून गेले. कंपनीचा माणूसही आला, दोन बोटं मातीत घातली आणि म्हणाला, "पेरणी खोल गेलीय." मग त्यानं विचारलं, पिशवी आणि टॅग कुठाय?

पिशवी तात्यांनी शेणी भरायला घेतली होती. टॅग कोणी फेकला देव जाणे. बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. मी ते तात्यांना मोठ्या तावातावानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं. टॅग दाखीव." चूक आमची होती, पावती जपायची सवय आम्हाला नाही. बी जपायची होती, ती मोडली.

यातली खरी गंमत पुढं. सोयाबीन ही स्वतःच्याच परागानं फळणारी जात. तिचं बी घरी धरता येतं, दोन-तीन वर्षं तरी, फरक न पडता. आणि आमच्याकडं सगळे ज्याच्या मागं लागतात तो फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६. त्यातलं 'केडी' म्हणजे कसबे डिग्रज. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचं संशोधन केंद्र. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरून दुचाकीनं अर्ध्या तासात पोचतो तिथला, करदात्याच्या पैशातून तयार झालेला वाण आम्ही शिवलेल्या पिशवीत घालून विकत आणत होतो.

२०२१ साली मग घरचं बी पेरायचं ठरलं, शेजारच्या चुलत्यांनी राखलेलं. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. मळणी यंत्र जोरात फिरवलं की डोळ्याला न दिसणारी चीर जाते, पोतं उंचावरून आपटलं तरी जाते. म्हणून पेरायच्या आधी तपासायचं. ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाण्याचा हबका. सातव्या दिवशी उलगडून मोजायचं. सत्तरच्या वर मोड आले तर बी चांगलं, कमी आले तर पेरताना माप वाढवायचं. कृषी सहायकांनी हे पत्रक वाटून शिकवलं. आई ते पत्रक ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, एखाद्या सुगरणीला कोणी वरण कसं फोडणीला टाकायचं ते सांगावं, तसा भाव होता. आमचे एक्क्याऐंशी आले. तिनं दोनदा मोजले.

आता ती शेवटची तीन क्रियापदं.

आईचं माहेर आटपाडी तालुक्यातलं, माणदेशी, पाऊस पाठ फिरवतो तो भाग. लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिनं तिकडून बी आणलं होतं, आणि नंतर इकडचं तिकडं देत राहिली. भावाला, भावजयीला, वहिनीच्या बहिणीला. पूर ओसरल्यावर महिन्याभरानं मामा मोटरसायकलवर आले, मागं बांधलेल्या पिशवीत भांडी, चादरी, आणि तळाशी साड्यांच्या चिंध्यांत बांधलेल्या सात पुरचुंड्या. मामी म्हणाल्या होत्या, "वन्संचंच हाय, वन्संला दे." पावटा होता, तूर होती, भोपळा, दोडका, हुरड्याचा शाळू. काटेरी वांगं तिकडं तगलं नव्हतं, ते पलूसकडच्या एका मैत्रिणीकडं सापडलं. (अळी लागू नये म्हणून जनुक बदललेल्या बीटी वांग्याला २०१० साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली तेव्हा ही मैत्रीण आणि आई फोनवर तासभर बोलल्या होत्या. दोघींचं म्हणणं एवढंच, की आमच्या वांग्यात अळी असते तेव्हा आम्ही ती काढून टाकतो, त्यात एवढं काय.)

वाळूक मात्र मिळालं नाही. पिवळसर, पोटाला फुगीर, उन्हाळ्यात फोडलं की घरभर वास. आईनं ते कोणालाच दिलं नव्हतं, म्हणजे मुद्दाम नाही, मागितलंच नव्हतं कोणी. अजून लग्नाकार्यात, तेराव्याला, बाजारात एखादी ओळखीची भेटली की आई हळूच विचारते, तुमच्याकडं वाळूक हाय का गं? लोक दुकानातली काकडी आणून देतात. ती घेते, आभार मानते, आणि चिरून कोशिंबीर करते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेला पाणी घरात कमी होतं आणि मडक्यांत मुळीच नव्हतं, कारण मडकी रिकामी होती. जूनमध्येच तिनं सगळं वाटून टाकलं होतं. थोडं आटपाडीला, थोडं पलूसला, थोडं चुलत्यांच्या माडीवर. एक पुरचुंडी, पावट्याची, माझ्याकडं सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर, जिथं कृष्णामाईनं यायचं ठरवलं तर सांगली उरणारच नाही. मी ती स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवली आणि विसरलो.

ऑक्टोबरात आईचा फोन आला, वाफसा आलाय, पावटा घेऊन ये. मी डबा उघडला तर रिकामा. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अहो, तो होय? परवाची उसळ कशाची होती मग?"

संध्याकाळी मी गावी फोन केला आणि बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून शेवटी सांगून टाकलं. पलीकडं क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "असू दे. आटपाडीवरनं मागवू. चव कशी हुती?"